किनाऱ्याच्या कारभाऱ्यांनो, मुदत २८ नोव्हेंबरची

२८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे तीन वाजून सव्वीस मिनिटांनी मकरानच्या किनाऱ्यासमोर समुद्राचा तळ हलला. भूकंपाची तीव्रता आठच्या वर होती. आजच्या पाकिस्तानातलं पसनी हे मच्छीमारांचं गाव त्या पाण्यात उद्ध्वस्त झालं. मुंबईत त्या घटकेला कुणाला काही कळलं नाही, कळायची सोयच नव्हती. नेहमीसारखं उजाडलं आणि वर्सोव्याची माणसं मासे धरायला गेली. सव्वाआठला पाणी आलं. उंची साधारण दोन मीटर, म्हणजे उभ्या माणसाच्या डोक्यावरून जाईल इतकी. वर्सोव्याचे पाच जण गेले, हाजीअलीजवळ सहा. मुंबईत सगळे मिळून पंधराच्या घरात माणसं समुद्राने नेली.

तीन सव्वीस ते सव्वाआठ. म्हणजे ४ तास ४९ मिनिटं.

एवढ्या वेळात वर्सोव्याचा माणूस चालत अंधेरी स्टेशन गाठून, चहा पिऊन परत येऊ शकला असता. त्याला फक्त कुणीतरी सांगायला हवं होतं.

हा जाहीर इशारा त्या ४ तास ४९ मिनिटांबद्दल आहे. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत आणि पुढे गोव्याच्या किनाऱ्यावर ज्यांच्या हाती कारभार आहे, ते जिल्हाधिकारी, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणं, महापालिका, नगरपरिषदा, बंदरांचे अधिकारी आणि ग्रामपंचायती, या सगळ्यांना उद्देशून तो आहे. विनंत्या करून झाल्या. येत्या २८ नोव्हेंबरच्या आत सुनामीचा निरोप शेवटच्या कोळीवाड्यातल्या शेवटच्या घरापर्यंत जाण्याची आणि त्या घरातली माणसं उंचावर पोचण्याची वाट तयार झाली पाहिजे, आणि ती चालून दाखवली पाहिजे. नाही झाली तर आम्ही काय करणार, ते शेवटी लिहिलं आहे. कायद्याच्या कलमांसह लिहिलं आहे.

आधी एक सबब मोडीत काढते. ‘आम्हाला कुणी कळवलंच नाही’ ही ती सबब. १९४५ मध्ये ती खरी होती. २००४ मध्येही बऱ्याच अंशी खरी होती. आज ती खोटी आहे, आणि ती खोटी ठरावी म्हणून अर्ध्या जगाने वीस वर्षं खपून काम केलं आहे.

२६ डिसेंबर २००४ ला आपल्या घड्याळात सकाळचे ६ वाजून २८ मिनिटं झाली असताना सुमात्राजवळ तळ फाटला. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर लाट पोचायला त्यानंतर दोन तासांहून जास्त वेळ गेला. त्या दोन तासांत हवाईतल्या केंद्रातल्या शास्त्रज्ञांना मोठा भूकंप झाल्याचं कळलं होतं. प्रशांत महासागरासाठी ते केंद्र १९४९ पासून काम करत आलं होतं, १९६५ पासून त्याला आंतरराष्ट्रीय यंत्रणेची जोड होती. पण हिंदी महासागराच्या काठावर फोन कुणाला करायचा, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. यादीच नव्हती. आपल्याकडे तर भूकंपाची खबर देणारा एक फॅक्स विद्यमान मंत्र्यांऐवजी आधीच्या मंत्र्यांच्या घरी गेल्याचं तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. चौदा देशांत मिळून सव्वादोन लाखांच्या वर माणसं मेली. भारतात दहा हजारांहून अधिक.

पुढच्याच महिन्यात, जानेवारी २००५ मध्ये, जपानमधल्या कोबे शहरात संयुक्त राष्ट्रांची आपत्तिनिवारण परिषद भरली आणि हिंदी महासागराची यंत्रणा उभारण्याचं काम युनेस्कोच्या आंतरशासकीय समुद्रविज्ञान आयोगाकडे, म्हणजे आयओसीकडे आलं. जूनमध्ये आयोगाने त्यासाठी किनारी देशांचा समन्वय गट नेमला. ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थला गटाची पहिली बैठक झाली. थायलंडने एक कोटी डॉलर देऊन संयुक्त राष्ट्रांच्या आशिया-प्रशांत आयोगाकडे एक निधी सुरू करून दिला. स्वतःची माणसं नुकतीच गमावलेल्या देशाने ते पैसे शेजाऱ्यांच्याही कामी यावेत म्हणून ठेवले होते. स्वतःची यंत्रणा उभी राहीपर्यंत हवाई आणि जपानची केंद्रं आपल्याला तात्पुरत्या सूचना पाठवत राहिली. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये हैदराबादला, इन्कॉइस या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत, आपलं सुनामी केंद्र सुरू झालं. १२ ऑक्टोबर २०११ पासून ऑस्ट्रेलिया, इंडोनेशिया आणि भारत या तीन देशांच्या केंद्रांनी साऱ्या हिंदी महासागराला सूचना द्यायला सुरुवात केली. २०१३ मध्ये हवाई-जपानचा तात्पुरता आधारही काढून घेतला गेला.

हे घडलं कसं, याकडे नीट पाहावं, कारण असं आपल्या भागात फार क्वचित घडतं. ज्या देशांच्या सीमेवर गोळीबार चालतो, ज्यांचे राजदूत एकमेकांना परत पाठवले जातात, ते देश इथे एका यादीत आहेत. हैदराबादहून निघालेली सूचना सुमारे पंचवीस देशांना जाते. त्यांत पाकिस्तान आहे, इराण आहे, ओमान आणि येमेन आहेत. वायव्य हिंदी महासागरासाठी, म्हणजे थेट मकरानच्या धोक्यासाठी, या देशांचा वेगळा कार्यगट आहे. वर्षातून दोनदा सगळ्या देशांच्या केंद्रांशी संपर्कचाचणी होते. दर दोन-तीन वर्षांनी महासागरभर कवायत होते, आणि २०१६, २०१८, २०२० आणि २०२३ या चारही कवायतींत मकरानला मोठा भूकंप झाला आहे असं धरून एक प्रसंग घेतला गेला होता. भूकंपमापक, खोल समुद्राच्या तळावरचे दाबमापक, किनाऱ्यावरचे भरतीमापक आणि आधीच गणित करून ठेवलेले हजारो संभाव्य प्रसंग, हे सगळं जोडून भूकंपानंतर दहा मिनिटांच्या आसपास पहिली सूचना निघते. कुठल्या जिल्ह्याला किती मीटरची लाट, किती वाजता, हे त्यानंतर कळत जातं. दोन मीटरच्या वर धोका असेल तर ‘वॉर्निंग’, अर्धा ते दोन मीटर असेल तर ‘अलर्ट’.

आणि इथे त्या यंत्रणेची हद्द संपते.

ही हद्द मुद्दाम आखलेली आहे. आयओसी कुठल्याही देशातल्या एकाही माणसाला घर सोडायला सांगू शकत नाही. हैदराबादचं केंद्र कराचीला माहिती देतं, हुकूम देत नाही. आपल्या लोकांना काय सांगायचं, कधी सांगायचं, कुठे न्यायचं, हा त्या त्या देशाचा सार्वभौम अधिकार आहे, आणि देशाच्या आत तो उतरत उतरत तुमच्या टेबलावर येतो, जिल्हाधिकारी साहेब. सरपंच, तुमच्याही. महासागराच्या पातळीवरचं काम झालं. त्या दोरीचं टोक तुमच्या हातात आणून दिलं आहे. ते खुंट्याला बांधलं आहे का, एवढाच आमचा प्रश्न आहे.

मी जे पाहिलं ते सांगते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदरावर, नाव लिहीत नाही, धक्क्याच्या टोकाला एक खांब आहे. त्यावर भोंगा आहे. खांबाखालच्या पेटीला कुलूप होतं, कुलूप गंजलेलं होतं, आणि चावी कुणाकडे आहे हे धक्क्यावरच्या सात माणसांपैकी एकालाही सांगता आलं नाही. शेवटचा कधी वाजला? दोघांनी वेगवेगळी वर्षं सांगितली. तिथेच एक वयस्क तांडेल जाळं सांधत बसले होते. त्यांना विचारलं, काका, भोंगा वाजला तर तुम्ही काय करणार? त्यांनी मान वर न करता सांगितलं, “होड्या आत घ्यायच्या, ताई. दुसरं काय?”

हे उत्तर ऐकून माझ्या पोटात गोळा आला, कारण त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. आयुष्यभर त्यांनी भोंगा ऐकला तो वादळाचा. फयान पाहिलं, निसर्ग पाहिलं, तौक्ते पाहिलं. वादळाचा निरोप आला की आत यायचं, होडी खाडीत घ्यायची, दोर दुप्पट करायचे. सुनामीचा निरोप याच्या बरोबर उलट आहे. खोल पाण्यात ती लाट होडीखालून निघून जाते, कळतही नाही. जीव घेते ती उथळ पाण्यात, खाडीच्या तोंडाशी, धक्क्यावर, जिथे वादळाच्या वेळी आपण सगळे जमतो तिथेच. जी होडी खोल पाण्यात आहे तिने बंदराकडे वळायचंच नाही, आणि जो धक्क्यावर आहे त्याने होडी सोडून चढावाला लागायचं. आयुष्यभराचं शहाणपण या एका प्रसंगात माणसाला मृत्यूकडे नेईल. भोंग्याच्या एकाच आवाजाने दोन उलटे हुकूम देता येत नाहीत. हे त्या काकांना सांगायला गेल्या वीस वर्षांत त्या धक्क्यावर कुणी आलं होतं का? मी विचारलं. नव्हतं आलं.

तुम्ही म्हणाल, मोबाइलवर येईल. २०२३ मध्ये देशभर फोन एकाएकी किंचाळले होते, आठवतं? सरकारने थेट टॉवरवरून संदेश सोडायची चाचणी घेतली होती. ती यंत्रणा चांगली आहे, लागेलच, आणि तिच्यावर खर्च झालाच पाहिजे. पण तो आवाज ऐकून तुमच्या माझ्यासारख्या कित्येकांनी काय केलं? घाबरून बटण दाबलं आणि शेजाऱ्याला विचारलं, तुझाही वाजला का? संदेश मिळणं वेगळं आणि पाय उचलले जाणं वेगळं. पाय उचलायला माणसाला आधीपासून माहीत असावं लागतं की जायचं कुठे.

याचे दोन दाखले आहेत. दोन्ही २००४ चे.

पुदुच्चेरीजवळ नल्लवाडू नावाचं मच्छीमारांचं गाव आहे. तिथल्या घरातला एक मुलगा सिंगापूरला कामाला होता. त्याने टीव्हीवर बातमी पाहिली आणि घरी फोन केला. गावात एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने चालवलेलं माहिती केंद्र होतं, तिथे लाउडस्पीकर होता, रोज त्यावरून हवामान आणि मासळीची खबर दिली जायची. लोक धावत त्या केंद्रात गेले, स्पीकर लावला आणि सांगितलं, किनारा सोडा. साडेतीन हजारांच्या आसपास वस्तीचं ते गाव वाचलं. सीमेपलीकडून एक फोन आला आणि गावात रोज वाजणारा स्पीकर होता. रोज वाजणारा, हे विसरू नका. गंजलेल्या कुलपामागचा नव्हे.

दुसरं गाव नाही, बेट आहे. सिमेउलुए. भूकंपाच्या केंद्राला सगळ्यात जवळच्या बेटांपैकी एक. तिथे लाट दहा मिनिटांच्या आत आली. कुठलीही यंत्रणा तेवढ्या वेळात काही करू शकली नसती. बेटावर सुमारे अठ्ठ्याहत्तर हजार माणसं होती आणि मेली सात. १९०७ मध्ये तिथे मोठी सुनामी येऊन गेली होती. तेव्हापासून आज्या नातवंडांना सांगत आल्या होत्या की जमीन जोरात हलली, पाणी मागे सरलं, की मासे वेचायला जायचं नाही, डोंगरावर पळायचं. त्या प्रसंगाला त्यांच्या भाषेत एक शब्द आहे, ‘स्मोंग’. तो शब्द कुणीतरी ओरडला आणि सारं बेट चढावाला लागलं.

आपल्याकडे १९४५ ची आठवण कुठल्या आजीने सांगितली? वर्सोव्याच्या त्या पाच जणांसाठी कुठे एखादा दगड आहे? नसेल तर तोही उभा करा. त्यावर वेळ लिहा.

आणि नुसती यंत्रं उभारून विसरून गेलं की काय होतं, तेही पाहा. इंडोनेशिया हा त्या तीन केंद्रांपैकी एक देश. २००४ नंतर त्यांनी समुद्रात तरते बोये सोडले. कुणी जाळी बांधून ते मोडले, काहींना निगा मिळाली नाही, आणि २०१२ पासून एकही चालू राहिला नाही. २८ सप्टेंबर २०१८ ला पालूला भूकंप झाला. पाणी काही मिनिटांत आलं. किनाऱ्यावर उत्सवाची तयारी चालली होती. भोंगे वाजले नाहीत. भूकंप, लाट आणि जमीन चिखलासारखी वाहून जाणं, यांत मिळून चार हजारांहून अधिक माणसं गेली. तीनच महिन्यांत, २२ डिसेंबरच्या रात्री, अनाक क्राकाताऊ या ज्वालामुखीचा कडा समुद्रात कोसळला आणि भूकंपाशिवायच लाट आली. यंत्रणा भूकंप शोधत होती, तिला ती दिसलीच नाही. चारशेहून अधिक मृत्यू. आपल्याही बोयांची समुद्रात मोडतोड होते, हे त्या क्षेत्रातले लोक वर्षानुवर्षं सांगत आहेत. माझ्या मच्छीमार भावांनो, हे तुमच्यासाठी: तो पिवळा बोया दिसला की त्याला होडी बांधू नका, त्याखाली मासा जमतो म्हणून जाळं टाकू नका. तो तुमच्याच पोराबाळांसाठी तिथे ठेवला आहे.

मकरानचा धोका आहे किती? घाबरवण्यासाठी मी आकडे फुगवणार नाही. अरबी समुद्राखालचं भूपट्ट तिथे दरवर्षी काही सेंटिमीटर इराण-पाकिस्तानच्या भूमीखाली सरकतं. १९४५ चा भूकंप मकरानच्या पूर्वेकडच्या भागात झाला. पश्चिमेकडच्या, इराणच्या बाजूच्या भागात आधुनिक काळात तसा मोठा भूकंप झालेला नाही. तो भाग अडकून ताण साठवतो आहे की हळूहळू सरकून मोकळा होतो आहे, यावर भूवैज्ञानिकांचं एकमत नाही. उद्या होईल असं कुणी सांगू शकत नाही, होणार नाही असंही नाही. आपल्याला एक सवलत आहे. मुंबईसमोर तीनशे किलोमीटरच्या आसपास उथळ समुद्र आहे. खोल पाण्यात विमानाच्या वेगाने धावणारी लाट तिथे येऊन मंदावते, पन्नास मीटर खोलीवर ताशी ऐंशी किलोमीटरवर येते. म्हणून आपल्याला तास मिळतात. पण मंदावते तशी ती उंचही होते, एकामागून एक येत राहते, आणि पहिली लाट सगळ्यांत मोठी असेलच असं नाही. ती उधाणाच्या भरतीवर आली की भांगाच्या सुकतीवर, यावर दोन मीटरच्या लाटेचं पाणी कोळीवाड्याच्या उंबऱ्याला लागेल की छपराला, हे ठरेल. कोळी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. कारभाऱ्यांना सांगावं लागतं.

दक्षिण कोकणाला निसर्गाने निम्मं काम करून दिलेलं आहे. गावाच्या मागे सडा आहे. समुद्रापासून पाखाडी चढत गेलं की दहा-पंधरा मिनिटांत माणूस लाटेच्या आवाक्याबाहेर. मग त्या पाखाडीवर दिवा आहे का? पावसानंतर तिच्या पायऱ्यांवरचं शेवाळ कुणी खरवडलं आहे का? कुणाच्या कुंपणाने ती मध्येच अडवली आहे का? अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला उचलून न्यायला कोणती दोन माणसं नेमली आहेत? हे प्रश्न परिषदांमधले नाहीत, ग्रामसभेतले आहेत, आणि ओडिशातल्या गावांनी ते सोडवून दाखवले आहेत. युनेस्कोच्या आयोगाची ‘सुनामी रेडी’ नावाची मान्यता आहे. तिचे बारा निकष आहेत: पाणी कुठवर येईल त्याचा नकाशा, जायच्या वाटेचा फलक, चोवीस तास निरोप घेणारा माणूस, दर दोन वर्षांत निदान एक कवायत, असे साधे. २०२० मध्ये व्यंकटरायपूर आणि नोलियासाही या ओडिशातल्या दोन गावांनी ती मिळवली. २०२४ पर्यंत ओडिशातल्या अशा गावांची संख्या २६ झाली. ती आपल्यासारखीच मच्छीमारांची गावं आहेत, आपल्याहून श्रीमंत नाहीत. त्या सव्वीस नावांत कोकणातलं एकही नाव नाही.

उत्तरेकडे सडा नाही. पालघर, वसई, उरण, अलिबाग, मुंबई, सगळं सपाट. तिथे बाजूला पळायला जागा नाही, वरच चढायला हवं. म्हणजे पक्क्या इमारतीचा तिसरा मजला. वर्सोवा, खार दांडा, वरळी, माहीम, कुलाबा या सगळ्या कोळीवाड्यांच्या अंगाला टॉवर उभे आहेत. त्या टॉवरच्या फाटकावर वॉचमन असतो. कोळीवाड्यातली तीनशे माणसं पहाटे धावत आली तर तो फाटक उघडणार आहे का? त्याला तसं कुणी सांगून ठेवलं आहे का? महापालिकेने हे लेखी ठरवून घ्यावं, सोसायटीच्या सभेत ठराव करून घ्यावा, आणि जिने कुठले वापरायचे ते रंगाने दाखवावं. तारापूरच्या अणुभट्ट्यांचे आणि न्हावाशेव्याच्या बंदराचे कुंपणाआतले आराखडे असतीलच. २००४ मध्ये कल्पक्कमची अणुभट्टी सुरक्षितपणे बंद झाली, पण शेजारच्या वसाहतीतली माणसं पाण्यात गेली. आम्ही कुंपणाबाहेरच्यांबद्दल विचारतो आहोत.

दिल्लीलाही दोन शब्द. ही महासागराची यंत्रणा देशांच्या वर्गणीवर, स्वेच्छेच्या निधीवर आणि सवयीवर चालते. २०२५ च्या जुलैमध्ये अमेरिकेने युनेस्को सोडण्याची घोषणा केली, ती २०२६ च्या डिसेंबरअखेर अमलात यायची आहे. पूर्वी, १९८४ मध्ये, ती युनेस्कोतून बाहेर पडली तेव्हा समुद्रविज्ञान आयोगात राहिली होती. या वेळी तसं होईल यावर विसंबून बसू नका. जिथे पैसा आटेल तिथे भारताने पुढे झालं पाहिजे, कारण पंचवीस देशांना सूचना देणारं केंद्र आपलं आहे. मापकं एकदा बसवून भागत नाही, ती दरवर्षी नव्याने जपावी लागतात. पालूने ते दाखवलं आहे.

आता मुदतीचं. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. त्याच्या कलम ३१ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्याचा आराखडा असलाच पाहिजे आणि त्याचा दरवर्षी आढावा घेऊन तो अद्ययावत झालाच पाहिजे. धोक्याची ठिकाणं, सज्जतेचे उपाय, लोकांपर्यंत माहिती पोचवण्याची व्यवस्था, हे त्यात असणं बंधनकारक आहे. या महिन्यात आम्ही प्रत्येक किनारी जिल्ह्यात माहितीच्या अधिकाराखाली अर्ज टाकत आहोत. सुनामीचं प्रकरण आराखड्यात आहे का? शेवटचा आढावा कोणत्या तारखेला झाला? हैदराबादची सूचना रात्री तीन वाजता आली तर ती कुणाच्या हातात पडते, त्या माणसाच्या सुटीच्या दिवशी कुणाच्या? प्रत्येक बंदरावरच्या भोंग्याची चावी कुणाकडे आहे? तीस दिवसांत उत्तर द्यावं लागेल. आलेलं प्रत्येक उत्तर, आणि न आलेलं प्रत्येक उत्तर, गावाच्या नावासह त्या गावच्या चावडीवर लावलं जाईल.

२८ नोव्हेंबर उलटल्यावर ज्या जिल्ह्यात एकही कवायत झालेली नसेल, तिथे आम्ही कलम ५६ चा आधार घेऊ. या कायद्याने नेमून दिलेलं कर्तव्य करायला जो अधिकारी नकार देतो किंवा ते सोडून देतो, त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड आहे. खटल्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी लागते, कलम ५९. ती आम्ही लेखी मागू आणि मागितल्याची पोच जाहीर करू. परवानगी नाकारली तर नाकारणाऱ्याची सहीही जाहीर करू. हे कुणा एका अधिकाऱ्यावरच्या रागातून नाही. बदल्या होतात, माणसं बदलतात, आणि प्रत्येक नवा माणूस म्हणतो, मी नुकताच आलो आहे. लाटेला ते सांगता येणार नाही.

गावांनाही मुदत आहे. ज्या ग्रामपंचायतीला जिल्ह्याची वाट पाहायची नसेल तिने पुढच्या ग्रामसभेत चार ठराव करावेत: सड्याची वाट, निरोप घेणारे दोघं, म्हाताऱ्याकोताऱ्यांना नेणारी पोरं, आणि भोंग्याचे दोन वेगळे आवाज, एक वादळाचा आणि एक सुनामीचा. वादळाचा लांब, सुनामीचा तुटक, किंवा उलट. काय ते गावाने ठरवावं, पण ठरवावं आणि दर महिन्याच्या ठरल्या दिवशी वाजवून दाखवावं. शाळेतल्या मास्तरांनी आणि बाईंनी पोरांना हे पाढ्यासारखं पाठ करून द्यावं, कारण घरातल्या काकांना होडी सोडून चला म्हणून हाताला धरून ओढणारं ते पोरच असणार आहे.

कवायत कधी, तेही ठरलं आहे. २८ नोव्हेंबरला पहाटे ३ वाजून २६ मिनिटांनी जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाने चाचणीचा निरोप सोडायचा. सकाळी अकराला, फोटोग्राफर बोलावून नव्हे. पहाटे. सव्वाआठच्या आत वाडीतलं शेवटचं माणूस सड्यावर किंवा तिसऱ्या मजल्यावर पोचलं पाहिजे. समुद्रावर गेलेल्या होड्यांना वायरलेसवर ‘आत येऊ नका’ हा निरोप मिळाला पाहिजे आणि त्यांच्याकडून ‘ऐकलं’ असं उत्तर आलं पाहिजे.

त्या पहाटे मी आमच्या बंदरावर असेन. गावातली चार पोरं सोबत असतील, एकाकडे घड्याळ, एकाकडे वही. निरोप किती वाजता आला, कुणी आणला, पाखाडीवर पहिलं माणूस किती वाजता चढलं आणि शेवटचं किती वाजता, हे लिहिलं जाईल. धक्क्यावरच्या त्या तांडेल काकांनाही मी सांगून ठेवलं आहे. ते म्हणाले, “भोंगा वाजला तर येईन, ताई. वाजला पाहिजे.”